वहिनीच्या घराची तारीख

४ मार्च

प्रिय चिमीस,

आशीर्वाद आधी घे, बातम्या मग. पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन तपासवाल्यांनी नेला तो अजून परत दिलेला नाही, आणि घरातल्या जुन्या फोनची वायर मी स्वतः उपटली. तो वाजला की कुणीतरी शिव्या द्यायचं, आणि त्याही अशा की पंचवीस वर्षांच्या संसारात कानावर पडल्या नव्हत्या. तेव्हा तुझी वहिनी आता शाळकरी पोरीसारखी कागद-पेन घेऊन बसली आहे.

निकाल तुला कळलाच असेल. तुझ्या दादाला सात वर्षं. कंपनी, ऑफिस, गाड्या सगळं कोर्टाने घेतलं. ते विकून यांच्या योजनेत पैसे घातलेल्या लोकांना जमेल तेवढं परत करणार आहेत, त्यासाठी एक प्रशासकही नेमलाय. राहिलं ते हे घर. नाव माझं, सही माझी, आणि ते कुठल्या पैशांतून घेतलं याचा माग सरकारी वकिलांना शेवटपर्यंत लागला नाही. आमच्या वकिलांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर माझं अभिनंदन केलं. मी बघतच राहिले, नवरा आत गेला त्याचं की काय. मग म्हणाले, "वहिनी, घर वाचलं."

तर घरात पाच बाथरूम आहेत आणि मी एकटी. रोज वेगळ्या बाथरूममध्ये आंघोळ करते, तेवढीच हवापालट. कामाच्या बाई सोडून गेल्या, त्यांचेही पैसे होते योजनेत. आमचं पिल्लू वसतिगृहात, दातांच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष. तू दुकान पोरींवर सोपवून चार दिवस ये. एकटीला इथे स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो.

तुझी वहिनी


११ मार्च

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, आमचे गुडघे वाकायला तयार नाहीत.

निकाल मला गिऱ्हाइकांनी वाचून दाखवला. सकाळच्या वेळी लॉन्ड्रीत कपडे कमी आणि पेपर जास्त येतात. तू रडत असशील असं वाटलं होतं, तर तू बाथरूम मोजत बसलीस. तुझा हा स्वभाव मला आवडतो, म्हणून पुढचं त्याच स्वभावाने वाच.

घर देऊन टाक.

कायद्याने तुझं आहे, कबूल. पण माझ्या दुकानाची रीत तुला माहीत आहे. कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायचे आणि जे निघेल ते पाकिटात घालून कपड्यांबरोबर परत द्यायचं. नोटा, चाव्या, अर्धं चघळलेलं चॉकलेट. एकदा तर कवळी निघाली होती. नव्या पोरीने विचारलं, त्यांना आठवतही नसेल, ठेवलं तर काय बिघडलं? मी म्हटलं, त्यांना आठवत नाही पण आपल्याला माहीत आहे ना.

आमच्या गल्लीतले गणिताचे मास्तर तुला आठवतात. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी दादाच्या योजनेत घातले होते. आधी आठवड्याला त्यांचं गाठोडं यायचं. आता एकच सदरा येतो, तोही घरी धुऊन, नुसता इस्त्रीला. परवा म्हणाले, "एवढं व्याज कुणालाच परवडणार नाही हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण म्हटलं, चिमीचा भाऊ आहे." त्या सदऱ्याला इस्त्री करताना माझी मान वर होत नव्हती.

तुझी आगाऊ चिमी


१७ मार्च

चिमे,

तुला चार दिवस राहायला बोलावलं तर तू मला कायमची बाहेर काढायला निघालीस. नाकाने कांदे सोलायला वेळ बरा मिळतो तुला, कपड्यांचे डाग काढून उरतो वाटतं.

मी काय केलं ते सांग. संसार केला. हे सकाळी जायचे, रात्री यायचे. मी विचारायची, कसं चाललंय? हे म्हणायचे, झकास. लग्न झालेल्या कुठल्या बाईला याहून मोठं उत्तर मिळतं? हे घर घेतलं तेव्हा सही करायला सांगितली, मी केली. आजवर यांनी जिथे बोट ठेवलं तिथे सही करत आले, त्यात पिल्लूच्या शाळेचं प्रगतिपुस्तकही होतं.

गुन्हा यांनी केला, शिक्षा यांना झाली. आता ती माझ्यापर्यंत ताणायची का? आणि ताणायची तर कुठवर? पिल्लूची फी याच पैशांतून गेली. मग तिचं शिक्षण परत कसं करायचं, डोक्यातून उपसून? ती रविवारी आली होती. म्हणते, "आई, मी डॉक्टर झाले की त्या सगळ्यांचे दात फुकटात बघीन." तुझ्या मास्तरांना दात उरले असतील तर कळव.

आणि घर दिलं तर मी जाऊ कुठे, ते तुझ्या पत्रात नव्हतं. पन्नाशी उलटली, आयुष्यात नोकरी केली नाही. मला येतं काय, तर घर सांभाळणं. तेच तू काढून घेते आहेस. मला भीती वाटते चिमे, हे तुला सोडून कुणाला लिहू?

तुझी, अजून तरी घर असलेली, वहिनी


२५ मार्च

ती. वहिनीस,

दात बारा उरलेत. मी विचारलं. पिल्लूला सांग, त्यांतले चार हलतात.

तू रागावलीस ते ठीकच झालं, कारण आता जे सांगणार आहे त्यावरही रागावशील. दोन्ही राग एकदमच उरकून घे.

लॉन्ड्रीवाल्या माणसाला "माहीत नाही" म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने "कधी?" विचारलं की आपण तारीख सांगतो. डाग जाईल की कापड जाईल हे कळायच्या आत सांगतो. तीस वर्षं इस्त्री धरली, त्यातली पहिली वीस दुसऱ्यांच्या दुकानात, पण तारखेशिवाय गिऱ्हाईक परत पाठवलेलं नाही. तर परवा ऐन गर्दीत मी कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावत होते. बसच्या कंडक्टरबाई आहेत ना, त्यांचेही पैसे अडकलेत, त्यांनी विचारलं, "तुमच्या वहिनींच्या घराचं काय हो? आम्हाला कधी?" आणि मी मान वर न करता म्हटलं, "पंधरा एप्रिलला या."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी सावरायला गेले, म्हटलं, "म्हणजे बघू." पण माझ्याकडे "बघू" म्हणजे "नक्की" हे गिऱ्हाइकांना पाठ आहे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तुझा पत्ता कुणी विचारला तर मी दिला नाही, पण तो आधीच सगळ्यांना माहीत होता.

मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगणार होते की चूक झाली. पण सकाळी मास्तर आले आणि त्यांनी दोन सदरे आणले होते. धुवायला. माझ्याच्याने सांगवलं नाही.

तुझी, जीभ दोरीवर वाळत घालावी अशी, चिमी


३० मार्च

चिमे,

माझ्या घराची तारीख? चादर आहे का ती?

आता ऐक. हे मी कधीच सांगणार नव्हते, यांनी मला शपथ घातली होती. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तुझं मला बघवत नाही.

तुझा गाळा आणि ते मोठं मशीन बाबांनी तुझ्यासाठी मागे ठेवलेल्या पैशांतून घेतलं, असं दादाने तुला सांगितलं. बाबांची खोली मी आवरली होती. त्यांनी मागे ठेवलं होतं ते म्हणजे एक छत्री, दोन चष्मे आणि वाण्याची उधारी. पैसे यांनी दिले. योजना सुरू होऊन दुसरंच वर्ष होतं. तू तेव्हा नवऱ्याला सोडून आली होतीस, दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर उभी राहायचीस, पायांच्या शिरा सुजायच्या. भावाकडून तू फुटकी कवडी घेतली नसतीस, म्हणून बाबांचं नाव पुढे केलं. मला ते यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम वाटलं होतं. खरं सांगू, अजून वाटतं.

तुझ्या दुकानाचा माग कुणाला लागला नाही, कारण कुणी काढायलाच गेलं नाही. माझ्या घराचा काढूनही लागला नाही. मग आता मला तुझ्या दुकानाची तारीख सांग.

वहिनी


१६ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र नाही. मी रोज फाटकापर्यंत जाऊन येते. येऊ नये असंच मी लिहिलं होतं, तरी जाते.

काल पंधरा तारीख होती. ते आले. तू येशील असं मला वाटलं होतं, पण आले ते बाकीचे, दहा-बारा जण. मी पडद्यामागे उभी. आता दगड येणार म्हणून खिडकीपासून लांब सरकले. मास्तरांनी घंटा एकदाच वाजवली आणि मग पायपुसण्यावर पाय पुसत उभे राहिले. दगड मारायला आलेला माणूस पाय पुसत नाही, म्हणून दार उघडलं.

सगळे आत आले. मग मी आपलं पाहुण्यांना दाखवतात तसं घर दाखवायला लागले. दुसरं काही येत नाही ना मला. एक आजोबा जिना चढताना दर पायरीला थांबत होते. मी विचारलं, गुडघे का? म्हणाले, "हो. ऑपरेशनचे पैसे तुमच्याकडे आहेत." रागाने नाही म्हणाले गं, पत्ता सांगावा तसं म्हणाले. कंडक्टरबाईंनी सगळे बाथरूम उघडून पाहिले. "पाच कशाला हो? आमची बससुद्धा एवढ्यांदा थांबत नाही." सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता बोलून गेले, "मला खरंच काही माहीत नव्हतं."

कंडक्टरबाई म्हणाल्या, "आम्हालाही नव्हतं. आमचं गेलं, तुमचं राहिलं."

चिमे, वकिलांनी कोर्टात दोन वर्षं जे काही सांगितलं, त्यात याला उत्तर असेल तर ते मला आठवलं नाही. मी चहा टाकायला गेले. कप कमी पडले, दोन पाळ्यांत प्यायले सगळे. जाताना मास्तरांनी आपला कप विसळून पालथा घातला. कुणी एक वावगा शब्द बोललं नाही. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, मी फाटक लावून घेतलं असतं आणि घर माझं राहिलं असतं.

ते गेल्यावर मी खोल्यांतून फिरले. सोफ्यावर बसले ती कडेला, परक्या घरी बसतात तशी. मला लाज वाटली.

अजून काही ठरवलेलं नाही. पण मागचं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. दुकान तू घामाने उभं केलंस, ते तुझंच आहे. रागाने का होईना, दोन ओळी पाठव.

तुझी वहिनी


२४ एप्रिल

ती. वहिनीस,

रागावलेच होते. आधी तुझ्यावर, मग दादावर, मग बाबांवर, की छत्रीच्या वर काहीच कसं ठेवलं नाही या माणसाने. पंधरा तारखेला मी बसस्टँडपर्यंत आले होते. मास्तरांना गाडीत चढताना पाहिलं आणि परत फिरले. कुठल्या तोंडाने येणार होते?

खरं लिहिते. तुझं पत्र वाचून मी दुकानाच्या मध्यात उभी राहिले आणि मनात म्हटलं, इतकी वर्षं वाफ खाल्ली, पोरींचा पगार एकदा थकवला नाही, मशीनला तान्ह्या बाळासारखं जपलं, मला कुठे काय माहीत होतं, हे माझं आहे. आणि मग लक्षात आलं, हे सगळं मी आधी वाचलेलं आहे, तुझ्या अक्षरात. घर देऊन टाक, हे तुला मी एका ओळीत लिहिलं होतं. तीन शब्द. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला तीन आठवडे लागले. मला माफ कर.

मधल्या काळात दादाला भेटून आले. चांगलं खडसावायचं ठरवून गेले होते. तो समोर बसला आणि पहिलं वाक्य काय, तर "मशीन नीट चालतंय ना? पट्टा बदललास का?" मी काही विचारलंच नाही. रडले आणि परत आले. तो वाईट आहे असं एकदा ठरवता आलं असतं तर किती सोपं झालं असतं गं.

मग प्रशासकांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, माझा गाळा आणि मशीन घ्या. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी कुणी मोठं माणूस आहे का विचारलं. म्हणाले, "बाई, लोक लपवतात आणि आम्ही शोधतो, असं आमचं काम आहे. कुणी आपणहून आणून दिलं तर काय करायचं, हे वर विचारावं लागेल." शेवटी असं ठरलं की गाळा आणि मशीन ठेवीदारांचं, दुकान मी भाड्याने चालवायचं आणि भाडं त्यांच्यात वाटायचं. सही केली. लोकांना वाटलं मी थोर आहे. मी घाबरलेली होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर अख्खं गाठोडं घेऊन आले. "आता हे माझंही दुकान आहे. कॉलर नीट कर, मागच्या वेळी सुरकुती होती." कंडक्टरबाई बस लावून गल्ल्यापाशी उभ्या राहतात आणि पोरींना घड्या शिकवतात. एक मालक होता तेव्हा किती सुखात होते मी.

तुला पुन्हा घर दे म्हणणार नाही. ते बोलायचा हक्क मी गमावला. पण "मी जाऊ कुठे" असं तू विचारलं होतंस आणि मी त्याला उत्तरच दिलं नव्हतं. माझ्या घराला लागून, दुकानाच्या वर, एक खोली आहे. खिडकीतून वाफेचा वास येतो आणि खाली दिवसभर कलकलाट असतो, तुझ्या चपलांचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. घड्या घालायला माणूस हवंच आहे. पगार देईन. घर दे की ठेव, खोली तुझी आहे.

तुझी चिमी


२० मे

प्रिय चिमीस,

दिलं. काल सह्या झाल्या. या वेळी बोट कुणी ठेवलं नाही, आधी सगळं वाचलं, मगच सही केली. वाचायला दुपार गेली.

वकिलांना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. मग म्हणाले, "पण का, हे मला कळू दे." मी म्हटलं, एका आजोबांना जिना चढवत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वेड लागलं अशी त्यांची समजूत झाली असावी, पण फी तेवढी कमी केली. पिल्लू आली होती. माझी खोली, माझी खोली करत तासभर रडली, मीही तिच्याबरोबर रडून घेतलं. मग डोळे पुसून कपाटं आवरायला लागली. परीक्षा झाली की नोकरी धरणार आहे, म्हणजे मास्तरांच्या हलणाऱ्या दातांना अजून चार महिने धीर धरायला सांग.

परवा यांना सांगायला गेले. हे हसतच आले, बारीक झालेत, पण केस नीट विंचरलेले. मी सांगितलं. हसू जागच्या जागी राहिलं. मग म्हणाले, "अगं, मग मी इथे कशासाठी बसलोय? सात वर्षं गेली तरी घर राहतंय, असा हिशोब करून आत आलो होतो."

चिमे, इतके दिवस मला वाटत होतं की हे शिक्षा भोगतायत. हे घराचे हप्ते भरत होते. त्या आजोबांचं, मास्तरांचं यांच्या हिशोबात नावच नव्हतं. मला इतका राग आला की मी उठून जाणार होते. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की तो हप्ता हे माझ्यासाठी भरत होते. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं ते मला कळत नाही, पंचवीस वर्षांत कळलं नाही.

मी म्हटलं, "त्या घरात मला बसवत नव्हतं. आता चिमीच्या दुकानावरच्या खोलीत राहीन. घड्या घालीन आणि पगारातून भाडं भरीन. सुटाल तेव्हा मी तिथे असेन."

हे खाली बघत राहिले. आयुष्यात प्रथमच झकास म्हणाले नाहीत. वेळ संपल्याची घंटा झाली, मी उठले, दारापर्यंत गेले, तेव्हा मागून हाक आली. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसराच कुणी बोलतोय.

"तिथे दोघं मावतील का?"

यांनी मला आजवर फक्त सांगितलं होतं, विचारलं कधीच नव्हतं. तोवर शिपायाने दार ओढून घेतलं. मी मान हलवली की नाही ते आठवत नाही.

गुरुवारच्या बसने निघते. सामान दोन बॅगा. न्यायला येऊ नकोस, दुकान टाकून आलीस तर तुझे मालक ओरडतील. फक्त एवढं उलटटपाली कळव, त्या खोलीतली खाट किती रुंद आहे?

तुझी वहिनी